जिंकूनही न मिळणारा कलश

इंग्लंडमध्ये १८८२ साली माणसाचं प्रेत जाळणं हा मोठ्या वादाचा विषय होता. सर हेन्री थॉम्पसन या नामांकित शल्यविशारदाने १८७४ मध्ये दहनाचा प्रचार करणारी एक संस्था काढली होती. लंडनजवळ वोकिंग इथे तिने भट्टीही बांधली आणि १८७९ मध्ये एक मेलेला घोडा जाळून ती चालवून पाहिली. पण माणसाच्या दहनाला गृहखातं हिरवा कंदील दाखवेना. ख्रिस्ती माणसाने मातीत जायचं आणि अखेरच्या न्यायाच्या दिवशी तिथूनच उठायचं, ही शतकांची श्रद्धा. तिच्या विरोधात जायला पाद्री तयार नव्हते, सरकार तर नव्हतंच. डॉर्सेट परगण्यातले कॅप्टन हॅनम नावाचे एक गृहस्थ आपल्या दिवंगत बायकोची आणि आईची दहनाची इच्छा पुरी व्हावी म्हणून सरकारदरबारी परवानगी मागत होते. ती काही मिळाली नाही. शेवटी ऑक्टोबर १८८२ मध्ये त्यांनी स्वतःच्याच आवारात भट्टी बांधली आणि दोघींचं दहन उरकून टाकलं.

त्याच्या महिनाभर आधी, २ सप्टेंबरला, लंडनच्या ‘द स्पोर्टिंग टाइम्स’ या गुलाबी कागदावर छापल्या जाणाऱ्या चटकदार पत्रात एक निधनवार्ता आली. मृताचं नाव इंग्लिश क्रिकेट. ठिकाण ओव्हलचं मैदान, तारीख २९ ऑगस्ट. मागे दुःखी मित्रपरिवार मोठा. आणि खाली एक ताजा कलम: पार्थिवाचं दहन होईल आणि रक्षा ऑस्ट्रेलियाला नेली जाईल.

इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेला ‘अ‍ॅशेस’, म्हणजे रक्षा, का म्हणतात ही गोष्ट सांगताना हा मजकूर सगळेच सांगतात, पण आपण तो वाचतो तेव्हा त्यातली अर्धी गंमत निसटते. आपल्याकडे दहन म्हणजे रोजचा व्यवहार. माणूस गेला की स्मशान, तिसऱ्या दिवशी अस्थी, मग नाशिक किंवा आळंदी. त्यामुळे ‘रक्षा ऑस्ट्रेलियाला’ एवढाच भाग आपल्याला टोचणीचा वाटतो. लंडनचा वाचक मात्र त्याआधीच, ‘दहन’ या शब्दापाशीच दचकला असणार. इंग्लिश क्रिकेट नुसतं मेलं नाही, त्याला धड ख्रिस्ती मूठमातीही मिळणार नाही, असं तो मजकूर सांगत होता.

हे लिहिणारा रेजिनाल्ड शर्ली ब्रुक्स. त्याचे वडील शर्ली ब्रुक्स म्हणजे ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचे संपादक. थॉम्पसन यांच्या दहनाच्या जाहीरनाम्यावर जानेवारी १८७४ मध्ये ज्यांनी सह्या केल्या त्यांत हे वडीलही होते. पुढच्याच महिन्यात ते वारले आणि दहनाची सोय नसल्यामुळे केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत पुरले गेले. मुलाने आठ वर्षांनी क्रिकेटच्या निमित्ताने दहनाचा विषय काढला, यात वडिलांची अपुरी इच्छा कुठेतरी डोकावत असावी असं मला वाटतं. तसा पुरावा नाही, पण घरात बोलला गेलेला विषय लेखणीत सहज उतरतो.

आता ज्या सामन्यामुळे हे झालं, त्याकडे वळू.

इंग्लंडचा ऑस्ट्रेलियाकडून पराभव ही काही तेव्हा नवी गोष्ट नव्हती. १८७७ मध्ये मेलबर्नला झालेली पहिलीच कसोटी ऑस्ट्रेलियाने ४५ धावांनी जिंकली होती. पण ते झालं समुद्रापार, आणि तिथे गेलेले इंग्लिश संघही बहुधा अर्धेमुर्धे असत. घरच्या मैदानावर, सगळे नामवंत खेळत असताना वसाहतीतल्या पोरांकडून हरणं ही वेगळी गोष्ट होती. शिवाय दोन्ही बाजूंत आधीचा एक सल होता. फेब्रुवारी १८७९ मध्ये सिडनीत लॉर्ड हॅरिस यांच्या संघाविरुद्ध बिली मर्डॉक या स्थानिक लाडक्या फलंदाजाला धावचीत दिलं गेलं आणि प्रेक्षक मैदानात घुसले. खुद्द हॅरिसना मारहाण झाली. त्याचा राग इतका टिकला की १८८० मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा त्यांच्याशी खेळायला मोठे संघ पुढे येईनात. मोसमाच्या शेवटी कशीबशी ओव्हलवर एक कसोटी ठरली, हॅरिसही खेळायला तयार झाले, आणि इंग्लंडमधली पहिली कसोटी झाली. हे लॉर्ड हॅरिस पुढे १८९० ते १८९५ मुंबईचे गव्हर्नर होते. मुंबईच्या शाळांची हॅरिस शील्ड त्यांच्याच नावाची. १९८८ मध्ये आझाद मैदानावर तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागी केली ती याच स्पर्धेत.

ऑगस्ट १८८२ च्या ओव्हल कसोटीत ऑस्ट्रेलियाचा कर्णधार होता तोच मर्डॉक. पावसाने खेळपट्टी बिघडलेली. ऑस्ट्रेलियाचा पहिला डाव अवघ्या ६३ धावांत आटोपला, इंग्लंडने १०१ केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाऊस. चेंडू ओला, गोलंदाजांच्या हातातून सटकतोय, अशा वेळी ऑस्ट्रेलियाच्या ह्यू मॅसीने धोपटून ५५ धावा काढल्या. तेव्हाच्या चेंगट खेळात ही फलंदाजी म्हणजे दांडगाईच होती, आणि माझ्या मते सामना खरा तिथेच फिरला. इतिहासात नाव मात्र त्यांचा वेगवान गोलंदाज फ्रेड स्पॉफर्थ याचं राहिलं.

मग ती घटना घडली. मर्डॉकने चेंडू मारला, एक धाव पुरी झाली. दुसऱ्या टोकाचा तरुण सॅमी जोन्स चेंडू आता मृत झाला असं समजून खेळपट्टीवरचं एक ढेकूळ बॅटने दाबायला क्रीझबाहेर गेला. डब्ल्यू. जी. ग्रेसने चेंडूने यष्टी उडवल्या आणि अपील केलं. नियमात बसत होतं, पंच थॉम्स यांनी बाद दिलं. ग्रेस म्हणजे त्या काळच्या इंग्लंडमधला सर्वांत ओळखीचा दाढीवाला, क्रिकेटचा अनभिषिक्त सम्राट. आणि सभ्य गृहस्थांचा खेळ असला तरी जिंकण्यासाठी काहीही करायला तयार असलेला माणूस. ऑस्ट्रेलियन खवळले. स्पॉफर्थ इंग्लंडच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन ग्रेसला तोंडावर लबाड म्हणाला, असं सांगतात.

असंच काहीसं पुन्हा घडलं: २ जुलै २०२३ ला लॉर्ड्सवर इंग्लंडचा जॉनी बेअरस्टो चेंडू सोडून, क्रीझवर पाय घासून, सहज पुढे चालता झाला आणि ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅलेक्स केरीने मागून चेंडू फेकून त्याच्या यष्ट्या पाडल्या. तेव्हा सबंध इंग्लंड खेळभावनेच्या नावाने गळा काढत होतं. लॉर्ड्सच्या लाँग रूममध्ये क्लबच्या सभासदांनी ऑस्ट्रेलियन खेळाडूंना इतकं घालूनपाडून बोललं की तिघांना निलंबित करावं लागलं. त्या गदारोळात सॅमी जोन्सची आठवण ऑस्ट्रेलियन पत्रांनी काढलीच. १४१ वर्षांत फक्त बाजू बदलल्या होत्या.

पुन्हा ओव्हलवर येऊ. ऑस्ट्रेलियाचा डाव १२२ वर संपला. इंग्लंडला जिंकायला हव्या होत्या ८५. स्पॉफर्थने सहकाऱ्यांना सांगितलं की हे जमण्यासारखं आहे, आणि मग ते जमवूनही दाखवलं. ग्रेस आणि युलिएट खेळत होते तोवर धावफलकावर २ बाद ५१ होते. लोक निर्धास्त होते. युलिएट गेला, ५३ वर ग्रेस ३२ काढून गेला, आणि इंग्लंडच्या संघाला जणू हुडहुडी भरली. षटक तेव्हा चार चेंडूंचं. एकामागून एक निर्धाव षटकं पडू लागली. लिटलटन आणि लूकस ही जोडी तशी चिकट. त्यांचा जम मोडायचा तर फलंदाजांची टोकं बदलायला हवीत, म्हणून ऑस्ट्रेलियनांनी मुद्दाम एक चेंडू नीट न अडवता एक धाव दिली. लिटलटन स्पॉफर्थसमोर आला आणि थोड्याच वेळात त्रिफळाचीत झाला. ५ बाद ६६. मग ७० वर दोन गेले, ७५ वर दोन गेले.

या पडझडीत चार्ल्स स्टड हा केंब्रिजचा तरुण तंबूत अंगाभोवती घोंगडी गुंडाळून येरझाऱ्या घालत होता. त्याच उन्हाळ्यात त्याने याच ऑस्ट्रेलियन गोलंदाजांविरुद्ध दोन शतकं ठोकली होती. पण कर्णधार हॉर्नबीने त्याला मागे ठेवलं, इतकं मागे की तो दहाव्या क्रमांकावर आला. शेवटचा फलंदाज टेड पीट हा यॉर्कशरचा डावखुरा गोलंदाज. जिंकायला दहा धावा हव्या. समोर स्टडसारखा फलंदाज उभा असताना पीटने टोलवाटोलवी सुरू केली, दोन धावा काढल्या आणि हॅरी बॉइलने त्याचा त्रिफळा उडवला. ७७ सर्वबाद. सात धावांनी पराभव. स्टडच्या वाट्याला एकही चेंडू आला नाही. असं का खेळलास, या प्रश्नाला पीटने दिलेलं उत्तर प्रसिद्ध आहे: स्टडसाहेबांचा भरवसा वाटला नाही! व्यावसायिक खेळाडूने एका अमीरजाद्याबद्दल काढलेले हे उद्गार त्या काळात विनोद म्हणूनच खपले असणार.

स्पॉफर्थचे सामन्यात ९० धावांत १४ बळी. त्या अखेरच्या अर्ध्या तासात एका प्रेक्षकाने छत्रीची मूठ कुरतडून टाकली, स्कोअररचा हात थरथरून पीटचं नाव भलतंच लिहिलं गेलं, अशा कहाण्या आहेत. एक प्रेक्षक मैदानावरच मरण पावला, ही मात्र खरी बातमी होती.

आपल्या वाचकांना हे वाचताना काहीतरी ओळखीचं वाटेल. त्याच ओव्हलवर ४ ऑगस्ट २०२५ ला सिराजने अ‍ॅटकिन्सनच्या यष्ट्या उडवल्या आणि भारत सहा धावांनी जिंकला. तेव्हाही दुसऱ्या टोकाला एकही चेंडू न खेळलेला माणूस उभा होता: निखळलेला खांदा स्वेटरच्या आत बांधून आलेला ख्रिस वोक्स.

स्टडचं पुढे काय झालं? त्याने क्रिकेट सोडलं, मिळालेली वडिलोपार्जित संपत्ती वाटून टाकली आणि धर्मप्रचारक होऊन चीनला गेला. नंतर काही वर्षं तो दक्षिण भारतात उटकमंडला होता आणि अखेर काँगोत वारला. योगायोग असा की ती वडिलोपार्जित संपत्ती बिहारमधल्या तिरहुतच्या निळीच्या मळ्यांतून आली होती.

निधनवार्ता छापून आली, लोक हसले, विसरायला मोकळे झाले. एरवी तिथेच गोष्ट संपायची. पण त्याच शरद ऋतूत आयव्हो ब्लाय नावाचा तेवीस वर्षांचा उंचापुरा तरुण, एका अर्लचा मुलगा, इंग्लंडचा संघ घेऊन ऑस्ट्रेलियाला निघाला आणि प्रवासात, मेजवान्यांत, भाषणांत ‘ती रक्षा परत आणायला आलोय’ असं बोलू लागला. विनोद करणारा एक आणि तो पुढे चालवणारा दुसरा, म्हणून तर तो जगला. ‘पेशावर’ या बोटीची कोलंबोजवळ दुसऱ्या जहाजाशी टक्कर झाली, संघातला वेगवान गोलंदाज मॉर्ली बरगड्या दुखावून बसला. पण याच बोटीवर सर विल्यम क्लार्क आणि लेडी जॅनेट क्लार्क हे मेलबर्नचं श्रीमंत जोडपंही होतं. जहाजावर ओळखी वाढल्या आणि क्लार्क यांनी संघाला आपल्या वाड्यावर नाताळाला बोलावलं.

हा वाडा म्हणजे मेलबर्नबाहेर सनबरी इथलं रूपर्ट्‌सवुड. तिथे नाताळाच्या सुमाराला पाहुणे आणि घरचे नोकरचाकर, गडीमाणसं यांच्यात एक गमतीचा सामना झाला. नंतर लेडी क्लार्क आणि त्यांच्या मैत्रिणींनी ब्लायला एक छोटासा मातीचा कलश भेट दिला: घ्या तुमची रक्षा! त्या मैत्रिणींत फ्लॉरेन्स मॉर्फी होती. क्लार्क यांच्या मुलांना संगीत शिकवणारी ही तरुणी, घरची गरिबी, बाप लहानपणीच गेलेला. ब्लायने तिच्याशी फेब्रुवारी १८८४ मध्ये सनबरीलाच लग्न केलं. अर्लच्या घरची सून म्हणून संगीतशिक्षिका येणं हे तेव्हाच्या इंग्लंडला पचायला सोपं नव्हतं. पुढे थोरल्या भावाच्या मृत्यूनंतर ब्लायला किताब मिळाला आणि फ्लॉरेन्स डार्नलीची काउंटेस झाली. ‘रक्षा’ आणायला गेलेला माणूस बायको घेऊन आला, असं लोक म्हणाले असतील तर नवल नाही.

मालिकेचा निकालही गमतीचा. पहिली कसोटी ऑस्ट्रेलियाने जिंकली, पुढच्या दोन इंग्लंडने. दुसऱ्या कसोटीत बिली बेट्सने इंग्लंडची पहिली हॅटट्रिक घेतली. म्हणजे २-१, रक्षा परत मिळाली. त्यानंतर सिडनीत चौथा सामना झाला, त्यात प्रत्येक डाव वेगळ्या खेळपट्टीवर खेळला गेला आणि तो ऑस्ट्रेलियाने जिंकला. तो धरला तर मालिका २-२. म्हणजे अ‍ॅशेसच्या पहिल्या विजयावरच वाद घालायला जागा आहे, आणि क्रिकेटमध्ये अशी जागा कुणी वाया घालवत नाही.

कलश फक्त चारेक इंचांचा, सुमारे ११ सेंटिमीटर. तपकिरी मातीचा, अत्तराच्या बाटलीइतका. अंगावर दोन कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. वरच्या चिठ्ठीवर ‘द अ‍ॅशेस’ हे नाव, खालच्या चिठ्ठीवर ‘मेलबर्न पंच’ने १ फेब्रुवारी १८८३ ला छापलेल्या कवितेच्या सहा ओळी, त्यात ब्लायचं आणि संघातल्या खेळाडूंचं नाव गुंफलेलं. याच दौऱ्यात सिडनीच्या अ‍ॅनी फ्लेचर या बाईंनी ब्लायला लाल मखमलीची छोटी पिशवी शिवून दिली. तीही कलशाबरोबरच जपली गेली आहे. आत काय आहे? जाळलेल्या बेल्सची राख, हे सर्वमान्य उत्तर. कुणी चेंडूची म्हणतात. १९९८ मध्ये डार्नली घराण्यातल्या एका वृद्ध सूनबाईंनी सांगितलं की ती सासूबाईंच्या ओढणीची, म्हणजे चेहऱ्यावरच्या जाळीदार बुरख्याची राख आहे. मला स्वतःला यात फार रस वाटत नाही. आत काहीही असो, ते क्रिकेट नक्कीच नाही.

मुद्दा असा की हा कलश करंडक म्हणून कुणी बनवलाच नव्हता. ती एका खासगी घरातल्या बायकांनी एका पाहुण्याला दिलेली भेट. ब्लायने ती घरी नेली आणि केंटमधल्या कोबम हॉल या वाड्यात ती राहिली. त्यानंतर वीस वर्षं दोन्ही देश एकमेकांशी खेळत राहिले, जिंकत-हरत राहिले, पण ‘अ‍ॅशेस’ हे नाव फारसं कुणाच्या तोंडी नव्हतं. ते पुन्हा काढलं पेलम वॉर्नरने. १९०३-०४ च्या दौऱ्यावर जाताना त्याने ‘रक्षा परत आणतो’ अशी घोषणा केली, मालिका ३-२ ने जिंकली आणि १९०४ मध्ये पुस्तकच लिहिलं. त्याच्या शीर्षकात अ‍ॅशेस परत मिळवल्याचं सांगितलं होतं. वॉर्नर पेशाने लेखक-पत्रकारही होता, मथळा कशाला म्हणतात हे त्याला कळत होतं. तेव्हापासून नाव रुळलं ते रुळलंच. सगळा खटाटोप एका पत्रकाराच्या लेखणीतून निघाला आणि दुसऱ्या लेखणीबहाद्दराने मार्गी लावला.

ब्लाय १९२७ मध्ये वारला. मग फ्लॉरेन्सने तो कलश एमसीसीला, म्हणजे लॉर्ड्सच्या मालक क्लबला, देऊन टाकला. तो आजही तिथेच आहे. ऑस्ट्रेलिया जिंको वा इंग्लंड, कलश हलत नाही. कर्णधारांना उंचावायला मिळते ती प्रतिकृती. १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या द्विशताब्दीला आणि २००६-०७ मध्ये तो समुद्रापार गेला होता, पण तो प्रदर्शनासाठी. इतक्या जुन्या, ठिसूळ, चिरा गेलेल्या मातीच्या वस्तूला प्रवास झेपत नाही, असं क्लबचं म्हणणं. ऑस्ट्रेलियन लोकांना ते पटत नाही, कारण मूळ सूचनाच राख तिकडे न्यायची होती. १९९८-९९ पासून वॉटरफर्डच्या काचेचा एक मोठा करंडक देण्याची सोय झाली, तरी फोटोत कर्णधाराच्या बोटांत बावळट दिसणारी ती छोटी प्रतिकृतीच लोकांना हवी असते.

या सगळ्यात एक गोष्ट मला खटकते. बायकांनी दिलेली, बायकांनी शिवलेली, एका बाईने दान केलेली ही वस्तू ज्या क्लबात ठेवली, त्या क्लबाने बायकांना सभासद करून घ्यायचा ठराव १९९८ मध्ये मंजूर केला. ७१ वर्षं कलश आत आणि बायका बाहेर. महिलांचे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी सामने १९३४ पासून चालू आहेत. त्यांची स्वतःची रक्षा १९९८ मध्येच लॉर्ड्सवर दोन्ही संघांच्या सह्यांची छोटी बॅट जाळून तयार करण्यात आली.

अ‍ॅशेसला जी धार आहे ती राजा आणि वसाहत या नात्यातून आली. १९३२-३३ ची बॉडीलाइन मालिका हे तिचं टोक. ऑस्ट्रेलियाचा फलंदाज ब्रॅडमन याला आवरायचं म्हणून इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिनने वेगवान गोलंदाज लारवूडकडून शरीराच्या रोखाने उसळते चेंडू टाकवले आणि लेगच्या बाजूला क्षेत्ररक्षकांचा सापळा लावला. अ‍ॅडलेडला ऑस्ट्रेलियाचा कर्णधार वुडफुल छातीवर चेंडू बसून कळवळला, ओल्डफील्डच्या कवटीला तडा गेला. इंग्लंडचा व्यवस्थापक विचारपूस करायला गेला तेव्हा वुडफुलने त्याला सुनावलं की मैदानावर दोन संघ आहेत आणि क्रिकेट त्यातला एकच खेळतोय. हा व्यवस्थापक म्हणजे पेलम वॉर्नर, अ‍ॅशेसला नाव मिळवून देणारा. मग दोन क्रिकेट मंडळांत खरमरीत तारा उडाल्या. महामंदीत लंडनच्या कर्जाखाली दबलेल्या ऑस्ट्रेलियन सरकारलाही यात लक्ष घालावं लागलं. इंग्लंड ४-१ ने जिंकलं. ब्रॅडमनची सरासरी ५६.५७ वर आली, आणि ती एरवी कुणालाही मोठी वाटेल.

या मालिकेला आपल्याकडचे दोन धागे आहेत. पहिल्या कसोटीत सिडनीला पदार्पणात शतक करणारा इफ्तिखार अली खान, पतौडीचा नवाब, जार्डिनच्या लेग-सापळ्यात उभा राहायला नकार देऊन बसला. दुसऱ्या कसोटीनंतर त्याला वगळलं. आणि जार्डिन स्वतः जन्मला मुंबईत, मलबार हिलवर. त्याचे वडील मुंबईत बॅरिस्टर होते. बॉडीलाइननंतर वर्षभरातच तो इंग्लंडचा संघ घेऊन इथे आला आणि डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर भारतातली पहिली कसोटी झाली. त्या सामन्यात सी. के. नायडूंच्या संघातून लाला अमरनाथने ११८ धावा ठोकल्या आणि विजय मर्चंटने पदार्पण केलं. लारवूडचं मात्र वाईट झालं. तो खाणीतून आलेला मजूर. त्याला माफी मागायला सांगितलं गेलं, त्याने कर्णधाराच्या हुकमाने केलेल्या गोष्टीची माफी मागायला नकार दिला आणि इंग्लंडकडून पुन्हा कधीच खेळला नाही. १९५० मध्ये तो कायमचा राहायला गेला तो सिडनीला, आणि ज्यांच्या बरगड्या त्याने शेकल्या त्यांनी त्याला आपलंसं केलं.

पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक असतो: १९५६ मध्ये जिम लेकरचे एकाच कसोटीत १९ बळी, १९८१ ला हेडिंग्लीवरचा बोथम, १९९३ ला गॅटिंगला चकवणारा वॉर्नचा चेंडू, २००५ ला एजबॅस्टनवरच्या दोन धावा, २०१९ चा स्टोक्स. एक नियम मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मालिका बरोबरीत सुटली तर अ‍ॅशेस आधीच्या विजेत्याकडेच राहते. २०२३ मध्ये २-२ झालं, पण घरच्या मैदानावर, भरात असूनही इंग्लंडच्या हाती काही आलं नाही.

आपल्याकडच्या करंडकांशी तुलना केली की या गोष्टीचा खरा अर्थ उलगडतो. इंग्लंडमध्ये होणाऱ्या भारत-इंग्लंड मालिकेसाठी २००७ मध्ये पतौडी करंडक आला आणि २०२५ मध्ये त्याचं नाव बदलून अँडरसन-तेंडुलकर करंडक झालं. पतौडींच्या नावाचं एक पदक ठेवून वाद शमवण्यात आला. सचिनचं नाव कुणाला नको? पण मंडळाने नाव दिलं, मंडळानेच ते बदललं. अ‍ॅशेसच्या बाबतीत असा ठराव करणं कुणाच्याही हाती नाही, कारण ते नाव कुठल्याही बैठकीत ठरलेलं नाही. एका उपरोधिक बातमीतून ते आलं, एका घरगुती थट्टेतून वस्तू मिळाली आणि दोन देशांनी ती थट्टा इतकी गंभीरपणे घेतली की आता तिच्यापुढे सोन्याचे कप फिके पडतात. माझ्या मते क्रिकेटमध्ये यापेक्षा अस्सल करंडक दुसरा नाही.

लंडनला जाणारे आपले लोक लॉर्ड्सची सफर घेतात ती बाल्कनीसाठी: १९८३ मध्ये कपिलने जिथे कप उंचावला आणि २००२ मध्ये गांगुलीने जिथे शर्ट फिरवला ती. तिथे फोटो जरूर काढा. पण त्याच सफरीत संग्रहालय येतं, तिथे घाई करू नका. कलश चुकायचा इतका छोटा आहे, तो शोधा आणि खालच्या चिठ्ठीवरची नावं वाचण्याचा प्रयत्न करा. तिथेच एक पेंढा भरलेली चिमणीही आहे. ३ जुलै १९३६ ला जहांगीर खान या भारताच्या कसोटीपटूने केंब्रिजकडून टाकलेल्या चेंडूने ती मेली, आणि तिलाही लॉर्ड्सने चेंडूसकट जपून ठेवलं आहे.